चंद्रावरचा भोंगा

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ ऑगस्ट १९३४

प्रिय मकदूम यास शिवपुत्रचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. मंद्रूपच्या शाळेत तुझी बदली होऊन वर्ष झालं आणि माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. निदान तिथलं पाणी मानवलं का, तेवढं तरी कळव.

आपल्या चंद्राच्या कादंबरीची पहिली आवृत्ती संपली. तिच्यात एक चूकही सापडली. आमची सावित्रम्मा वाचता वाचता थांबली आणि मला म्हणाली, चंद्रावर हवाच नाही तर भोंगा ऐकू कसा आला? मकदूमभावजींनी हे जाऊ दिलं नसतं.

मूळ इंग्रजीत खांबावर लाल दिवा चढतो आणि मैदानात पांगलेले लोक कामावर येतात. मला वाटलं, सोलापुरात दिवा बघून कोण कामावर जातं? म्हणून सरळ गिरणीचा भोंगा वाजवला. हवा नाही म्हणजे आवाज नाही, हे पहिल्याच प्रकरणाला तू तासभर समजावलं होतंस.

बारा प्रकरणं तू इंग्रजी वाचून अर्थ सांगितलास, मी मराठी लिहिलं आणि तू पुन्हा तपासलंस. तेरावं, हे भोंग्याचं, मी एकट्यानं उरकलं. तू बदलीच्या गडबडीत आहेस म्हणून त्रास दिला नाही, असं तुला लिहिलं. ते खरं नव्हतं.

तुझं नाव छापखान्यात राहून गेलं, हेही खरं नव्हतं. भाषांतरकार एकच हवा, असं प्रकाशकानं कळवलं आणि मी त्याच दिवशी माझ्या हातानं तुझं नाव खोडलं. हुरळलो होतो रे. मग तेरावं प्रकरण घेऊन तुझ्यासमोर बसायला तोंड राहिलं नाही.

परवा बाजारात तुझी आई भेटली. मी नजर चुकवत होतो. खातूनबी म्हणाल्या, "मास्तर, चाँदवर जाऊन आलात, पन आमच्या गल्लीची वाट इसरलात की."

घरी येऊन प्रकाशकाला लिहिलं, दोन्ही नावं छापा, नाहीतर दुसरी आवृत्ती नको. उत्तर अजून नाही. काहीही येवो.

सोबत तेराव्या प्रकरणाची पानं आहेत. भोंगा मी तसाच ठेवलाय. खोडायचं काम मी एकदा करून चुकलो, आता ते तू कर. रविवारी मी पानं न्यायला येतोय. नको म्हणालास तरी येणारच.

तुझा,
अर्धा भाषांतरकार
शिवपुत्र