दोन गल्ल्यांची बस

प्रिय सबिना,

फोनवर तू 'बरं चाललंय गं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

आपली सकाळची बस वाचली, बाई. तू लेकाकडे, रिजवानकडे पुण्याला गेलीस आणि मागोमाग बसच्या ऑफिसातनं कळलं, की बावड्याच्या सकाळच्या फेरीला माणसंच चढत नाहीत; महिनाभर बघणार, नाहीतर बंद. चढणार कशी? घराघरात गाड्या. पोरं कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी काढतात. आणि बस गेली की अडकणार कोण, तर आपण बायका. माझे चटणीचे डबे लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोचायचे कसे? कुणाच्या तरी गाडीवर मागं बसावं म्हटलं, तर तुझं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एकदाच बस चुकली म्हणून गाडीवर बसलीस, खड्ड्यात गाडी गेली, तुझं मनगट मोडलं आणि महाद्वार रोडच्या दुकानातलं साड्यांना फॉल लावायचं काम सुटलं.

आधी मी दारोदार हिंडले. धूर सांगितला, पेट्रोलचा भाव सांगितला, खोकणारी नातवंडं दाखवली. सगळ्यांनी मान डोलावली, मला चहा पाजला आणि गाडी काढून गेले. असा संताप आला होता म्हणून सांगू! मग डोकं चाललं. आपल्या लोकांना शहाणपण सांगून उपयोग नाही, ईर्षा लावायला पाहिजे. फुटबॉल असो नाहीतर गणपतीची मिरवणूक, वरची गल्ली आणि खालची गल्ली जीव गेला तरी एकमेकांपुढं माघार घेत नाहीत. मी सरळ खालच्या तालमीत गेले. तिथले म्होरके हंबीरराव, बुलेटवरनं खाली पाय न टेकणारे. त्यांना म्हटलं, वरच्या गल्लीनं ठरवलंय, बस आपणच भरायची, खालच्यांना उभं राहायलासुद्धा जागा ठेवायची न्हाय. तेच उलटं करून वरच्या तालमीत केरबाला सांगितलं. साफ खोटं, पण माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर ही जत्रा. हंबीरराव चक्क फेटा बांधून आलेले. बस गच्च भरली आणि वरच्या गल्लीची निम्मी माणसं खालीच राहिली. पण गप्प बसतील तर ती बावड्याची कसली? केरबानं माळ्यावरची सायकल खाली काढली, त्याचं बघून बाकीच्यांनी काढल्या, आणि सिग्नलला अडकलेल्या बसला मागं टाकून ही मंडळी आधी शिवाजी चौकात हजर. तेव्हापासून ज्याला जागा मिळत नाही तो सायकलवर टांग टाकतो.

मग एकदा चहाच्या गाड्यावर दोन्ही म्होरक्यांची गाठ पडली आणि माझं बिंग फुटलं. दोघं माझ्या दारात. हंबीरराव म्हणाले, वैनी, आमास्नी येड्यात काढलासा की. मी पदर खोचून भांडायला तयारच होते. पण केरबा म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या, आधी सांगा, जास्त माणसं कुणाची हुती? हसू दाबत मी म्हटलं, महिना कुठं संपलाय अजून. गेले की दोघं आपापली माणसं गोळा करायला.

काल ऑफिसातनं निरोप आला. सकाळची फेरी कायम, शिवाय संध्याकाळची परतीची एक जादा. दोन्ही तालमींनी मिळून हलगी लावली, बसला हार घातला, मला पायरीवर उभं करून फेटा बांधला. लाजले वगैरे नाही हं मी. छाती फुगली माझी.

सगळे म्हणत होते, वैनींनी गावासाठी केलं. मी मान डोलावली, पण गाव गेलं उडत. तू गेल्यापासून बसमध्ये माझ्या शेजारी दुसरं कुणी बसलं की मला रडू येतं. तुझ्यासाठी केलं मी हे सगळं. दुकानाच्या मालकीणबाईंना भेटून आले. तुझं मशीन अजून रिकामंच आहे, तुझ्यासारखा हात त्यांना कुणाचा मिळाला नाही. मनगट बरं झालंय हे तू लपवलंस, पण सूनबाईनं मला सांगितलं. तिकडं दिवसभर खिडकीशी बसून असतेस, हेही तिनंच सांगितलं. रिजवान गुणाचा आहे, त्याला राग येणार नाही, मी बोललेय त्याच्याशी. रविवारी निघ. सोमवारी आपण दोघी कामाला जाऊ.

तुझीच भांडखोर शेजारीण,
संयोगिता