मॉनिटरला न शिवायचे दिवस

३० सप्टें., मंगळवार, भोर

मॉनिटर आला. फोर-के, टेबलभर रुंद. मी केबल लावली आणि माझ्या टॅबवरचं चित्र तिकडं जसंच्या तसं उमटलं. आंबवड्याच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणाची दाढी अर्धवट राहिलीय तेसुद्धा दिसत होतं.

थोरले दीर खूश. "आता गिऱ्हाईक हितंच बघंल. छापल्यावर माझाच फोटू बारका का म्हणून भांडायला यायचं न्हाई."

मॉनिटर त्यांचा, टॅब माझा, हात माझा. दुकानावर नाव त्यांचं. ह्यापुढं वहीत नुसतं भा. लिहिणार. 'भावजी' तोंडानं म्हणावं लागतं तेवढं पुरे.

१ ऑक्टो., बुधवार, खंडेनवमी

सकाळीच कावळा शिवला. मी थोरल्या जावेला, अक्काला, सांगितलं. तिनं भा.ला सांगितलं. मला दुकानाच्या पायरीवर बसवलं.

आत हत्यारांची पूजा. कटर, प्रिंटर, मॉनिटर, आणि पाटावर उभा करून माझा टॅब. भा.नं वाटीत कुंकू पाणी घालून पातळ केलेलं. बोट बुडवायचं आणि टिळा ओढायचा. टॅबची काच खराब नको म्हणून कडेला लावला, चांगला दाबून. माझी वस्तू, आणि मी दारातनं बघतेय.

हार घालताना टॅब पाटावरनं घसरला. मी आत धावले, धरला. भा. सगळ्यांदेखत ओरडला, "शिवलीस का?"

पडू द्यायचा होता का मग.

३ ऑक्टो.

केबल लावली. मॉनिटर काळा. 'सिग्नल नाही.' टॅब चार्ज होतोय, चित्र जात नाही. केबल उलटी केली, सुलटी केली, सगळं बंद करून परत चालू. काळा तो काळाच.

भा. गिऱ्हाईकासमोर म्हणाला, "विटाळाचा हात लागला. दुसरं काय." गिऱ्हाईक खाली मान घालून मोबाईल बघत बसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ ऑक्टो.

एसटी स्टँडजवळचा मोबाईलवाला येऊन गेला. त्याचा टॅब आमच्या मॉनिटरला लावला, लगेच चित्र. म्हणजे केबल चांगली, मॉनिटर चांगला. माझ्या टॅबचं म्हणाला, "चार्जिंग होतंय म्हंजे पोर्ट बी चांगला. सेटिंगमधी बघा कुठंतरी." सगळं सेटिंग पालथं घातलं. काही नाही.

भा.: "मॉनिटर चांगला, केबल चांगली. मग दोष कुणाचा ऱ्हायला?"

आणि मग खरं पोटातलं ओठावर आलं. "दिवाळीपतुर बघतो. न्हाईतर टेबलाला माणूस ठिवतो. तू जा माहेरी येल्ह्याला, आईच्या शेळ्या राख."

ह्यांना सांगितलं. टेम्पो पुसत होते. "दादा म्हणतोय तर थोडे दिवस..." पुढचं ऐकलंच नाही. ते टेबल गेलं तर माझ्याकडं उरतं काय? चूल आणि ह्यांचे डबे. चित्र काढायला शिकले ती काय डबे भरायला?

९ ऑक्टो., वेल्हे

रागानं एसटी धरून माहेरी आले. टॅब पिशवीत. भा.च्या हाती ठेवणार नव्हते.

दुपारी अंगणात आई शेळीच्या खुरातला काटा काढत बसली होती. मी टॅब उन्हात धरून केबलच्या भोकात बघितलं. आत तांबडं. गंज म्हणावा तर टॅब नवा. काडीनं थोडं काढून आईच्या तळव्यावर ठेवलं. तिनं बोटानं चोळलं.

"कुंकू हाय की गं. ह्यात कुठनं गेलं?"

कुठनं गेलं ते मला बरोबर ठाऊक होतं.

टॅब बंद केला. आईकडनं बाभळीचा काटा घेतला आणि आत वाळून बसलेला थर हळूहळू खरवडून काढला. काट्याचं टोक लाल झालं. भा.ला इतक्या शिव्या घातल्या की आई म्हणाली, "पुरं, शेळ्या आटतील."

११ ऑक्टो., भोर

भा. यायच्या आधी दुकान उघडलं. केबल लावली. मॉनिटर उजळला. खुर्चीत बसून नुसती बघत राहिले.

भा. आला, बघितलं. "बघ. लांब ऱ्हाईलीस, आपोआप चालू झाला."

मी सांगितलं, भावजी, भोकात कुंकू गेलं होतं, तुम्ही टिळा लावलात त्याचं. काटा दाखवला.

"देवाच्या कुंकवाला नावं ठिवतीस व्हय?"

आता नवा कायदा. दर महिन्याला चार दिवस टेबलाला शिवायचं नाही. त्या दिवसांत नसरापूरचा एक माणूस बसणार. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. चाराचे आठ व्हायला कितीसा वेळ.

१४ ऑक्टो.

नसरापूरचा येऊन माझ्या खुर्चीची उंची बदलून गेला. मी म्हणाले, त्याला माझा टॅब देणार नाही. भा.: "मग तुझं हितं काय काम?" काटा पेनांच्या डब्यात ठेवलाय. टोक अजून लाल आहे.

२१ ऑक्टो., मंगळवार, लक्ष्मीपूजन

सकाळी परत कावळा शिवला. आठवडाभर आधी, रागानं की कशानं. कपाटातनं कापडाची घडी घेत होते तेव्हा अक्का दारात. तिनं बघितलं. दार ओढून घेतलं.

मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी दुकानात पूजा. भा. तीच पातळ कुंकवाची वाटी घेऊन टॅबकडं निघाला. मी आडवी आले. द्या, मी करते.

"आज काय अडचण न्हाई ना?"

"न्हाई."

अक्का तिथंच ताटातली फुलं नीट करत होती. तिचा हात थांबला, परत चालू झाला.

वाटी बाजूला ठेवली. कोयरीतलं कोरडं कुंकू चिमटीत घेतलं. मॉनिटरच्या मागं एक बोट, टॅबच्या पाठीला एक. भोकावर अंगठा धरून. केबल लावली. पडद्यावर लक्ष्मी आली, मीच काढलेली. नथीतला मोतीन् मोती वेगळा दिसत होता.

भा.नं हात जोडले. "बघ. सोवळ्यात केलं की कसं लख्ख चालतंय."

हसू दाबलं. सांगावंसं वाटत होतं, तिथल्या तिथं, त्या लक्ष्मीसमोर.

हात अक्कानंही जोडलेले होते. पण बघत माझ्याकडं होती.

घरी येताना वाटेत तिनं हळूच विचारलं, "उद्या पाडव्याला टेबलावर तूच बसणार न्हवं?"

मी म्हणाले, "ते आता तुमच्या हातात. सकाळचं तुम्हीच बघितलंय."

अक्का पायाखाली बघत चालत राहिली.