आईच्या आवाजातलं गाणं

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे; आई गेल्यापासून "आम्ही" लिहायची सवय काही सुटत नाही. न्हाणीघराचा नळ दुरुस्त झाला. लाँड्रीत दोन नवी यंत्रं आलीत, इस्पितळाच्या चादरी मात्र पूर्वीइतक्याच मळक्या येतात.

तुझ्या बँडच्या कार्यक्रमात आईचं कापणीचं गाणं वाजणार, मागे पडद्यावर ती दिसणार, म्हणून तुला तिचा तरुणपणीचा फोटो हवाय. तिला जाऊन वर्ष होतंय, तेव्हा हे औचित्याचं आहे, असंही लिहिलंयस. आजारपणाच्या सात महिन्यांत हे औचित्य एकदा तरी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

असो. भांडायला बसलेली नाही.

ताईला ब्लॅक मेटल, तुमचं ते किंचाळण्याचं संगीत, कळत नाही, असं तू सगळ्यांना सांगतोस. तुझी रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा मलाही वाटलं, कुणीतरी तुझा गळा आवळतंय. शेजारीण चौकशीला आली होती. पण दोन दिवसांनी लाँड्रीत चौदा यंत्रं एकदम घुमत होती आणि मी नेहमीसारखी गुणगुणत होते. त्या घरघरीत स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, नुसतं घशाला कळतं. तेव्हा उमगलं. तुझ्या गिटारीही तशाच घरघरत राहतात आणि खाली कुठेतरी एक बाई गात असते. कान तिला शोधत राहतो, आणि सापडली की डोळ्यांत पाणी येतं. चांगलं केलंयस रे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि आत्ता तुला सांगतानाही रागच येतोय.

का, ते सांगून टाकते. तू पोस्टाने रेकॉर्डर पाठवलास, आईचं गाणं भरून पाठव म्हणालास. आईने तो हातातही धरला नाही. म्हणाली, "त्याला ऐकायचंय ना, मग येऊ दे. समोर बसू दे, गाते मी." मी तुला कळवलं. स्टुडिओच्या तारखा ठरल्यात, पंधरा दिवसांत पाठव, असं तुझं उत्तर आलं.

मग मीच गायले. न्हाणीघरात, दार लावून. सर्दीने घसा बसला होता, त्यामुळे आवाज म्हातारा लागला. दोन कडवी येत होती, तिसरं मनानेच जुळवलं. तुझे चाहते ज्या कडव्यावर जीव टाकतात, पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख वगैरे लिहितात, ते माझं आहे आणि अर्ध्या तासातलं आहे.

मला वाटलं होतं, पहिल्याच ओळीला ओळखशील, शिव्या घालशील आणि लाजेकाजेस्तव तरी येशील. तू आभाराचं पत्र पाठवलंस. आई थकलेली वाटते, तिला जप, असं.

रेकॉर्ड आली तेव्हा आईने ती उशीला टेकून शेवटपर्यंत ऐकली. मी भांडी घासत राहिले, तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. म्हणाली, "छान गायलीस." मग बऱ्याच वेळाने, "ती मी नाही, हे त्याला कळलं नाही का गं?"

मी म्हटलं, "कळलंय आई. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलाय."

तिने मान डोलावली. शेवटच्या आठवड्यात शेजारणीला सांगत होती, माझा मुलगा माझा आवाज हजारांत ओळखतो.

वर्षभर मीही त्याच खोट्यावर निभावून नेलं. कधी कधी वाटायचं, कुणी सांगावं, कळलंही असेल तुला. आता तू फोटो मागितलास.

फोटो पाठवत नाही. गाणं खुशाल वाजव, पण आईचं नाव काढ. माझंही घालू नकोस. तिचा खरा आवाज तुझ्याकडे नाही, तसा माझ्याकडेही नाही. तू येशील तेव्हा गाईन म्हणत होती, म्हणून आम्ही भरून ठेवला नाही.

जिला तू आई समजलास ती,
ताई