माझ्या डाव्या पायाचं पान

३ ऑक्टोबर, सोमवार

नात सकाळपासून तोंड पाडून बसली आहे. विचारलं तर म्हणे, "आजी, दोन पायथन भांडताहेत." पायथन म्हणजे अजगर, एवढं टीव्हीवर पाहून मलाही ठाऊक आहे. म्हटलं, घरात शिरला की काय! तर ही संगणकाची भाषा.

प्रकरण असं. आमच्या गिऱ्हाइकांच्या पायांची मापं एका भाड्याच्या मशीनवर आहेत. ते मशीन कंपनी एकतीस तारखेला बंद करणार. नवं घेतलंय, सगळं तिकडे हलवायचं. मापांचा प्रोग्राम माझ्या थोरल्या मुलाने लिहिलेला, तो जुन्या पायथनवर चालतो. ऑर्डर घ्यायचं पान नातीने लिहिलेलं, त्याला नवाच लागतो. एक बसवला की दुसरा उठतो. सासू-सुनांसारखं!

साध्या बुटांचं दुकान असतं तर गेली मापं तर गेली. आमच्याकडे वाकडा पाय येतो, आखूड पाय येतो, बोटं नसलेला येतो. सहाशे अकरा माणसं. परत मापं द्यायला बोलवायचं कसं? चालता येत नाही म्हणून तर आमच्याकडे येतात.

४ ऑक्टोबर

थोरल्याचा विषय या वहीत नऊ वर्षांनी आला. आला तर आला.

६ ऑक्टोबर

आजही तेच. नात पुटपुटतेय, डोकं खाजवतेय. मला राहवलं नाही. "दोन-दोन हवेत कशाला? जुना काढून फेक."

"आणि काकांचा प्रोग्राम?"

"तो नव्यावर चालव. नाही चालला तर तोही फेक. मापं तेवढी ठेव."

"आजी, नक्की ना?"

हातात आरी होती, टाच शिवत होते. मान वर न करता म्हटलं — नक्की.

७ ऑक्टोबर

मशीन मेलं.

नवं मशीन स्वतःची बारीकसारीक कामंही त्या जुन्या पायथनकडूनच करून घेत होतं म्हणे. हे काढल्यावर कळलं! आता ते काही बसवू देत नाही, काही काढू देत नाही. मापं जुन्या मशीनवर अजून आहेत, हे नशीब. पण दिवस चाललेत.

धाकटा, म्हणजे नातीचा बाप, माझ्यावर खेकसला. "आई, तुला यातलं कळतं काय?" काही नाही. म्हणून तर बोलले!

पोरगी मात्र "तू म्हणालीस म्हणून केलं" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हे जास्त लागलं.

८ ऑक्टोबर

पाय सुजलाय. डावा. तो काय, सुजतोच.

१० ऑक्टोबर

लिहून टाकते. वाचणारं कोण आहे!

माझा नवरा मापं वह्यांत लिहायचा. पायाची बाहेरची रेघ पेन्सिलीने काढायचा, बाजूला बारीक अक्षरात दुखतं कुठे ते. चौतीस वह्या. तो गेल्यावर थोरल्याने वर्षभर बसून सगळं संगणकात भरलं. मग एके दिवशी वह्या रद्दीत घातल्या. "आई, आता सगळं आत आहे. वाळवी लागली होती त्यांना."

लागली होती. मीही पाहिली होती.

पण मी बाजारातून आले, कपाट रिकामं. मला म्हणता आलं असतं, एखादी तरी ठेवायचीस रे. मी म्हटलं, "ज्याला बापाची वही नको त्याला आईही नको. या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." तो म्हणाला, "ठीक." माझाच मुलगा तो, शब्दाला पक्का. नऊ वर्षं नाही ठेवलं.

जुनं फेकलं म्हणून मी पोराला बाहेर काढलं. आणि परवा माझ्याच तोंडाने — जुनं काढून फेक! का, तर ते त्याचं होतं म्हणून. या जिभेला आरीने टाका घालायला हवा होता.

१३ ऑक्टोबर

परवा कंपनीकडून कोरं मशीन मिळालं. नात पहिल्यापासून लागली.

मी शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, आपल्याकडे तो सुतार येतो ना, डावा पाय पाचचा, उजवा आठचा. आपण काय मधला साडेसहा काढतो? दोन्ही पाय रडतील. ज्याला त्याला त्याचा साचा. तसे दोन्ही अजगर वेगवेगळ्या खोल्यांत ठेव आणि कोणी कुणाला हाक मारायची ते एकदाच सांगून टाक. मशीनच्या स्वतःच्या सामानाला हात लावू नकोस.

"आजी, मी कालच तसं केलं गं."

घ्या! मला कोणी विचारलंही नव्हतं. पण हसली. सहा दिवसांनी हसली.

१९ ऑक्टोबर

चाललं! काकाचं जुन्यावर, हिचं नव्यावर, एकाच मशीनवर शेजारी-शेजारी. सहाशे अकरा माणसांचे पाय सुखरूप पोचले. मी तिच्या हातावर गूळ ठेवला. धाकटा म्हणाला, "मला?" म्हटलं, तू खेकसलास, तुला काही नाही.

२२ ऑक्टोबर

नात आज जुनं मशीन बंद व्हायच्या आधी त्यातल्या नोंदी चाळत होती. कोण कधी आत आलं, काय उघडलं, ते तिथे लिहिलेलं असतं. दोन वर्षांचंच राहतं, आधीचं पुसतं.

"आजी, काका येतात."

"कुठे?"

"इथे. त्यांचं नाव, त्यांचाच पासवर्ड. कोणी बदललाच नव्हता. दर महिन्याच्या एक तारखेला, अकराच्या सुमाराला. एकच पान उघडतात आणि जातात."

पान नंबर एक. माझं.

प्रोग्राम तयार झाला तेव्हा थोरल्याने पहिला पाय माझा मोजला होता, चालतं का बघायला. मी म्हटलं होतं, "कामाच्या वेळी आईचे पाय धरतोस, मागायचंय काय?" पुढे साखर निघाली, डॉक्टर म्हणाले सुजेवर लक्ष ठेवा. तेव्हापासून दर एक तारखेला दहा वाजता नात माझ्या घोट्याचा घेर मोजते आणि त्याच पानावर लिहिते. डावा सव्वीस, उजवा चोवीस.

म्हणजे आईचा पाय किती सुजला, हे पोराला दर महिन्याला ठाऊक.

२३ ऑक्टोबर

फेक म्हटलं होतं मी त्याचा तो प्रोग्राम.

२६ ऑक्टोबर

आधी राग आला. काळजी आहे तर बोलायला काय झालं होतं? मग आठवलं, दार मी लावलं होतं. त्याने पाऊल ठेवलं नाही, नजर ठेवली. आणि मी नऊ वर्षांत काय ठेवलं? काही नाही.

तीनदा फोन हातात घेतला. "चुकले" हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, मापच चुकतं. तीनदा खाली ठेवला.

३१ ऑक्टोबर

जुनं मशीन आज बंद झालं. नात विचारत होती, "काकांचा पासवर्ड नव्यावर ठेवू का काढू?"

"हात लावू नकोस."

१ नोव्हेंबर

दहा वाजता नात टेप घेऊन आली. म्हटलं, आज मोजायचं नाही. माझ्या पानावर आजची जागा रिकामी ठेव.

सव्वाअकराला दुकानातला फोन वाजला. नात धावली, मी काठी आडवी घातली. स्वतः उचलला. पलीकडून थोरल्याचा आवाज. "आईचा पाय..." एवढंच.

म्हटलं, "ये. मोजून जा."