अक्काने सोडलेली राणी

चोपडा, ९ जुलै २०२५

चि. भूषण यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा फोन बिघडलाय म्हणून हा कागद. धुळ्याच्या कॉलेजात तू मुंग्यांवर शिकतोस, तर तुलाच विचारते. केळीच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत पंख गळालेली मोठी लालसर मुंगी सापडली. मजूर लताबाई चिरडायला धावली, मी म्हटलं, खबरदार! बाटलीत ठेवली, तर बयेने अंडी घातली की रे! बाळंतीणच ती. पाचव्या दिवशी मी रीतसर पाचवी पुजली, बाटलीला हळदकुंकू लावलं. सूनबाई पुनम हसून लोळली आणि फोटो काढत बसली. ही कोणती मुंगी, ते कळव.

माया आहे तशी राहू दे.

तुझी आत्या,
झुंबरबाई


धुळे, १४ जुलै

ती. अक्कास भूषणचा सा. न., वि. वि.

अगं, मुंगीची पाचवी? वाचून मी खुर्चीतून पडायचाच राहिलो! साखरेच्या डब्याभोवती मुंग्या येऊ नयेत म्हणून हळद तूच टाकतेस ना?

थट्टा पुरे. ती राणी आहे, पण कोणती, ते रंगावरून ठरत नाही. कमरेला दोन गाठी, मिशांना दहा पेरी आणि टोकाची दोन जाड असतील, तर ती आग्यामुंगी. तिचं वारूळ बागेत वाढलं की मजुरांच्या पायांना फोड येतात, घड कापायला कोणी आत शिरत नाही. नाव ठरेपर्यंत झाकण उघडू नकोस. रविवारी मी येतोच.

बोललो ते पोटात घाल, जीव लावतेस तसाच लाव.

तुझा,
भूषण


चोपडा, १८ जुलै

चि. भूषण यास आशीर्वाद, वि. वि.

काय लिहू रे? तुझं पत्र आज मिळालं. राणी मी परवाच सोडली! बारा दिवस झाले, सोयर फिटलं, आता बाळंतिणीला कोंडून कसं ठेवायचं, असं मनात आलं. अंड्यांसकट केळीच्या बुंध्याशी ठेवली.

पुनमने फोटो बोटांनी मोठा केला. गाठी दोन. पेरी तिने पुन्हा पुन्हा मोजली. दहाच. टोकाची दोन जाड. पोरीचं हसू कुठल्या कुठे गेलं. लताबाईला घेऊन बुंधा न् बुंधा पाहिला, पण भुसभुशीत मातीत राणी कुठे शिरली कोणास ठाऊक. पुढच्या हंगामात घड वाहायला लताबाईच इथे अनवाणी फिरणार आहे.

हा कागद आजच्याच धुळ्याच्या एसटीने पाठवतेय, रविवारची वाट पाहू नकोस, उद्याच ये. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण अक्काला टाकू नकोस.

तुझी आत्या,
झुंबरबाई

ता. क. सोडताना सगळी बाग तिलाच देत मी आपल्या बोलीत म्हटलं होतं, जाय माय, बठ्ठी बाग तुनीच शे.