ओला साचा

३ जून
नवी नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी केसांत, भुवयांत, चहात पांढरी भुकटी. नवरा म्हणाला, गिरणीत लागलीस की काय. कारखाना लहान, पण लख्ख उजेडाचा. वाकड्या पावलांच्या मुलांसाठी इथे बूट आणि पट्टे होतात. आधी पावलाचा प्लास्टरचा साचा करायचा, मग त्यावर चामडं बेतायचं. मास्तर मोजकं बोलतात, पण शिकवतात जीव लावून. मला पाचवा महिना चालू आहे, हे त्यांना सांगितलेलं नाही. आल्या आल्या रजा मागणारीला कोण ठेवून घेईल? इथल्या ढगळ एप्रनमध्ये हत्तीसुद्धा लपेल.

१६ जून
प्लास्टर कालवून मनगटं सुजली. सुजेच्या गोळ्या घरात होत्याच. सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. अंगदुखीची गोळी म्हणजे काही औषध नव्हे, असं आपलं मला वाटतं.
जुने साचे फडताळात ओळीने ठेवलेत, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. आज धूळ पुसताना मागे एक बिनचिठ्ठीचा सापडला. डावं पाऊल, माझ्या अंगठ्याहूनही लहान, आत वळलेलं. हाताला ओलसर लागलं. मास्तर म्हणाले, इतक्या लहान पावलाचा साचा त्यांनी उभ्या जन्मात घेतलेला नाही.

७ जुलै
अंगठा लावून पाहिला. साचा आता मोठा भरतो. बाकीचे खडखडीत, हा रोज सकाळी ओला.
भीती घालवायला चिठ्ठ्या वाचत बसले. पोटुशी असताना काय काय घेतलं, हे मास्तर प्रत्येक आईला विचारून लिहून ठेवतात. बहुतेकींचं उत्तर, काही नाही. पण चार चिठ्ठ्यांवर सुजेच्या गोळ्या, रोज, सहावा-सातवा महिना. माझ्याच गोळ्या.

८ जुलै
सोनोग्राफी केली. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा गोळ्यांचं बोलले. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, या दिवसांत त्या गोळ्यांनी पाणी आटू शकतं. मग बाळाला हलायला जागा राहत नाही, हातपाय दबून वाकतात. गोळ्या बंद केल्या की बहुतेकदा पाणी परत भरतं. डावा पाय आत वळलेला दिसतोय, कायमचा का ते आत्ताच सांगता येत नाही.
मीच केलं हे. कुणाच्या माथी मारू?

१३ जुलै
पाणी थोडं भरलंय. मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी बोलली असतीस तर पहिल्याच दिवशी सावध केलं असतं. साचा त्यांच्या हातात दिला. त्यांना तो कोरडा लागला. माझ्या तळहातावर मात्र थेंब.

१५ जुलै
असली ब्याद ओली ठेवायचीच कशाला? दिवसभर साचे वाळवायच्या भट्टीजवळ ठेवून वाळवला. टिचकी मारली की टणटण वाजतो. आज पोटभर जेवले.

१६ जुलै
पाणी पुन्हा उतरलं. एकही गोळी घेतलेली नाही, आईशपथ. डॉक्टरीणबाईंना कारण कळेना.
मला कळलं. ती ओल बाळाची होती. मी वाळवली.

दुपारी
साचा बादलीत ठेवला. पाणी पीत राहिला, बुडबुडे सोडत. आणि पोटात हाललं. काल सकाळपासून गप्प होतं ते. ढसाढसा रडले.

१७ जुलै
कारखान्याला सुटी, तरी किल्ली मागून घेऊन आले. एकटीच. साचा पाण्यातच आहे, बाळ हलतंय. पण प्लास्टर फार भिजलं की मऊ पडतं, मास्तरांनीच शिकवलं —

तासाभराने
पाणी दुधासारखं झालंय. साचा बाहेर काढला की पोट गप्प. आत ठेवला की — टाच बोटाला चिकटतेय.
नवऱ्याला फोन केला. घरी ये म्हणाला. कशी येऊ, बादली सोडून —

काढू? ठेवू? कुणीतरी सांगा —

साच्याची करंगळी हाताला लागत नाही. तळाशी चिखल.
बाळ लाथा मारतंय. मी मोजतेय. उजवा पाय. उजवा. परत उजवा. डावा का