पेटीवरचं नाव

आबा,

आज तुमची लष्करातली काळी पेटी रिकामी केली. तुमच्यामागं आईही गेली, तेव्हापासून पेटीत शाळूची ज्वारी ठेवत होतो. तुमचा नातू उद्या काश्मीरला निघालाय, अतिरेक्यांच्या मागं. आधी तुम्ही होता, मग मी होतो, त्याच खोऱ्यात. नवी बॅग घे म्हटलं तर म्हणाला, "पप्पा, आजोबांचीच पेटी न्हेतो."

तुम्ही पेन्शनवर आलात तो दिवस आठवतो. एसटीतून उतरून पेटी चुलीशेजारी ठेवलीत आणि मला म्हणालात, "आमी समदं निस्तरून आलोय. आता हिच्यावर दुसरं नाव पडायचं न्हाई." आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, पोराला कशाला खोटं सांगताय?" तुम्ही ताट सरकवून उठलात. मला राग आला तो आईचाच. पुढं मी भरती झालो आणि तुमच्या नावावर माझं नाव चढलं.

तिथं आम्ही कुठं कमी पडलो नाही, आबा. एकाला टिपलं की त्याच्या मातीला अख्खा गाव लोटायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गर्दीतलंच एखादं पोरगं बंदूक घेऊन समोर यायचं. आमचा गडी पडला की आम्हीही तसेच पेटायचो. चकमकी जिंकत होतो. युद्ध कोण जिंकत होतं, ते मला सगळ्या नोकरीत कळलं नाही. परवा आष्ट्यात रंगाच्या दुकानात टीव्हीवर एकजण ओरडत होता, आता दहशतवाद मुळासकट उपटणार म्हणून. दुकानदार खुशीत म्हणाला, "ह्या टायमाला आर या पार बगा!" त्याचं पोरगं पुण्यात कंपनीत आहे. मी डबे घेतले आणि निघालो.

दुपारी पेटीवरच्या माझ्या नावावर काळ्या रंगाचा हात मारला, वाळल्यावर पांढऱ्यानं पोराचं नाव काढलं. शेजारी बसून तो बघत होता. म्हणाला, "पप्पा, आता तरी मिटंल काय हे?" सून दारात उभी होती. सातवा महिना चालू आहे तिला.

"मिटंल की," मी म्हणालो, अगदी तुमच्यासारखं. चुलीपाशी टोकायला आता आई नाही.

हा कागद पेटीच्या तळाशी घालणार होतो, पण पोराच्या हाती लागेल. घालत नाही. एक तेवढं सांगतो. पांढरा रंग उरलाय. पुढचं नाव काढायची वेळ येईतोवर वाळून जाईल हे कळतं मला, तरी डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलं आणि माळ्यावर ठेवून दिला.